९०० मिनरल पडून आणि १६ झर्लिंग दारात

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. अक्कलकोट रोडला राहणारा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा. स्टारक्राफ्ट टू, म्हणजे बेस बांधून आणि फौज उभारून समोरच्याला हरवायचा कॉम्प्युटर गेम, फुकट मिळतो हे कळल्यावर त्याने सुट्टीत तो डाऊनलोड केला. कॅम्पेनमधली, म्हणजे एकट्याने खेळायच्या गोष्टीतली, बरीच मिशन्स मजेत पार पडली. मग तो लॅडरवर, म्हणजे खऱ्या माणसांसमोर गेला आणि सलग हरू लागला, बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत. तो लिहितो, "दादा, मला युनिटं पाठ आहेत, कोण कोणाला भारी पडतं तेही माहीत आहे, तरी काही कळायच्या आत संपतं. हा गेम बोटं झरझर चालणाऱ्यांचाच आहे का? सोडून देऊ का?" सोबत त्याने एका हरलेल्या मॅचचा रीप्ले, म्हणजे गेमने साठवलेली नोंद, जोडलाय.

सोडू नकोस. आणि बोटांचा विषय सध्या डोक्यातून काढून टाक. तू का हरलास ते तुझ्या रीप्लेत स्वच्छ दिसतं, आणि ते दुरुस्त होण्यासारखं आहे. मी सोलापुरात बसून स्टारक्राफ्ट पहिल्या गेमच्या, ब्रूड वॉरच्या काळापासून खेळतोय, नव्या पोरांचे रीप्ले बघून देतो, आणि नव्वद टक्के वेळा त्यात हेच सापडतं. तू समोरच्याच्या फौजेपुढे हरलेला नाहीस. तुझे पैसे पडून राहिले, म्हणून हरलास.

तुझाच रीप्ले घेऊ. सुरुवात दोघांची सारखी असते: १२ कामगार, ५० मिनरल (कामगारांनी खणून आणायचा माल, गेममधला पैसाच), एक मुख्य इमारत. गेममधल्या तीन जमातींपैकी तू टेरन, म्हणजे माणसं; समोर झर्ग, म्हणजे किड्यांसारखे प्राणी; तिसरी जमात प्रोटॉस. तुझा पहिला सप्लाय डेपो (सप्लाय म्हणजे किती युनिटं ठेवता येतील ती मर्यादा, डेपो ती वाढवतो) अर्ध्या मिनिटाला लागला, सैनिक काढणारी बॅरॅक्स १:१० ला. इथपर्यंत फार काही बिघडलेलं नाही. पण बॅरॅक्स लावण्याच्या नादात तुझं कमांड सेंटर, म्हणजे मुख्य इमारत, थांबलं. तिथे एससीव्ही, म्हणजे टेरनचे कामगार, तयार होणं बंद झालं आणि जवळजवळ मिनिटभर ते तुझ्या लक्षातच आलं नाही. त्या मिनिटभरात तू काय केलंस? दोन गॅस (भारी युनिटांना लागणारा दुसरा माल) लावले आणि सहा कामगार तिकडे पाठवले. मग फॅक्टरी, दुसरी बॅरॅक्स, इंजिनीअरिंग बे, ३:२० ला स्टारपोर्ट, ४:०५ ला फ्यूजन कोर. म्हणजे तुला बॅटलक्रूझर हे मोठं लढाऊ जहाज हवं होतं. ते मला समजतं. कॅम्पेन खेळून आलेल्या प्रत्येकाला ते हवं असतं, ते जहाज दिसतंच तसं.

४:४० ला १६ झर्लिंग, म्हणजे झर्गचे स्वस्त, चपळ सैनिक, तुझ्या रॅम्पवर, बेसच्या चढणीवर, आले. त्या क्षणी रीप्ले थांबव आणि वरचे आकडे वाच. तुझ्याकडे १८ एससीव्ही, ५ मरीन (बंदूकधारी सैनिक). सप्लाय २३ पैकी २३. खात्यात ९०० मिनरल.

आता हिशेब कर. झर्लिंगची जोडी ५० मिनरलला येते. १६ झर्लिंग म्हणजे ८ जोड्या, म्हणजे ४०० मिनरल. समोरच्याने ४०० मिनरल खर्चून तुझा बेस साफ केला, तेव्हा तुझ्याकडे ९०० नुसते पडून होते. एक मरीन ५० ला. १८ मरीन. ते १८ मरीन असते तर ती मॅच तिथेच उलटली असती, कारण झर्लिंगला अंगाला भिडावं लागतं आणि मरीन लांबून मारतो. बरं, तुझं बॅटलक्रूझर? त्याला ४०० मिनरल, ३०० गॅस आणि ६ सप्लाय लागतो. तुझा सप्लाय २३ वर अडकलेला. फ्यूजन कोर पूर्ण झाला असता तरी बॅटलक्रूझरचं बटण दाबून उपयोग झाला नसता. तुला एका साध्या, १०० मिनरलच्या सप्लाय डेपोने अडवलं होतं, आणि गेममधली ती बाई तुला ते ओरडून सांगत होती.

अजून एक आकडा बघ, तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. एससीव्ही तयार व्हायला १२ सेकंद लागतात. ४:४० म्हणजे २८० सेकंद. एकही क्षण न थांबता एका कमांड सेंटरमधून तेवढ्या वेळात २३ एससीव्ही निघू शकतात. तुझे निघाले ६. समोरच्याकडे तोवर २६ ड्रोन (झर्गचे कामगार) होते आणि दुसरी हॅचरीही (त्यांची मुख्य इमारत) उभी राहिली होती. तो काही मोठा खेळाडू नाही, तुझ्याच आसपासच्या पातळीचा आहे. त्याचाही खेळ मी त्याच रीप्लेत पाहिला. फौज हाकताना तो गोंधळतो, दोन झर्लिंग तर रस्त्यातच विसरून आला. पण त्याने ड्रोन बनवणं थांबवलं नाही.

कॅम्पेनमधून आलेल्या माणसाची नेमकी इथेच फसगत होते, आणि त्यात त्याचा दोष नाही. कॅम्पेन गोष्ट सांगण्यासाठी बांधलेलं आहे. विंग्ज ऑफ लिबर्टी २०१० मध्ये आलं, पुढचे दोन भाग २०१३ आणि २०१५ मध्ये. या तिन्हींत मिशन सुरू होतं तेव्हा बऱ्याचदा तुझ्या हातात तयार बेस किंवा निदान थोडी फौज असते, शत्रूचे हल्ले ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या वाटेने येतात, आणि प्रत्येक मिशन एखादं नवं युनिट तुझ्यापुढे ठेवून म्हणतं, हे वापरून बघ. मेडिक, फायरबॅट, गोलायथ ही तिथली युनिटं लॅडरवर मिळतच नाहीत. त्यामुळे कॅम्पेन तुला शिकवतं की योग्य युनिट निवडलं की जिंकता येतं. लॅडरच्या खालच्या पायऱ्यांवर जिंकतो तो, ज्याच्याकडे जास्त आहे. कोणतं का असेना, जास्त. म्हणून 'कोण कोणाला भारी' ही तुझी पाठ केलेली यादी चुकीची नाही, ती अवेळी आहे. ती लॅडरवरच्या ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड या पायऱ्या ओलांडून प्लॅटिनमच्या पुढे गेलास की हाताशी ठेव.

आता अर्थकारण. एका बेसला मिनरलचे आठ ढीग असतात. प्रत्येक ढिगावर दोन कामगार बिनबोभाट काम करतात, तिसरा आला की वाट बघत उभा राहतो. म्हणून १६ कामगार मिनरलवर, आणि दोन गॅसवर प्रत्येकी ३, असे २२ झाले की तो बेस भरला. १६ कामगार मिनिटाला सुमारे ९०० मिनरल आणतात. तुझ्या मॅचमध्ये मिनरलवर बऱ्याच वेळ दहाच्या आसपासच कामगार होते, कारण सहा तू गॅसवर घातले होतेस. मरीनला गॅस लागतच नाही. इतक्या लवकर दोन गॅस घेणारा नवखा खेळाडू, मग तो कोणत्याही जमातीचा असो, मला सहसा पाचव्या मिनिटाला हरताना दिसतो.

आपल्याकडे ज्याने यंत्रमागाच्या कारखान्यात एकदा तरी तासभर काढलाय त्याला पुढची गोष्ट लगेच कळेल. कामगार एकाच मागापुढे उभा राहून कापड कसं विणलं जातंय ते न्याहाळत बसत नाही. तो फिरत असतो. चारी बाजूंनी खडखडाट चालू असतो आणि त्यातला एक माग बंद पडला की त्याच्या कानाला ते आधी कळतं, डोळ्याला नंतर. धागा तुटला, तो गेला, जोडला, माग चालू, पुढे. स्टारक्राफ्टमध्ये पहिले दोन-तीन महिने तुझं काम एवढंच आहे. कमांड सेंटर चालू आहे का, बॅरॅक्स चालू आहेत का, सप्लाय पुढे आहे का. बंद दिसलं की चालू कर. लढाई तू बघितली नाहीस तरी ती होतेच. माग मात्र तू बघितला नाहीस तर बंदच राहतो.

तुझ्या लढाईच्या वेळीही नेमकं हेच झालं. झर्लिंग आल्यावर तू पाच मरीनना मागेपुढे नाचवत वीस सेकंद घालवलेस. ते व्हिडिओत बघून शिकलास हे दिसतं, आणि हात वाईट नाही तुझा. पण त्या वीस सेकंदांत दोन्ही बॅरॅक्स मोकळ्या होत्या.

आता बोटांबद्दल. डीपमाइंड या कंपनीने अल्फास्टार नावाचा प्रोग्रॅम स्टारक्राफ्ट टू खेळायला शिकवला होता. जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी दाखवलं की त्याने टीएलओ आणि माना या दोन व्यावसायिक खेळाडूंना प्रत्येकी ५-० असं हरवलं. हा प्रोग्रॅम मिनिटाला सरासरी २८० च्या आसपास कृती करत होता, म्हणजे समोरच्या माणसांपेक्षा कमी. लढाईच्या ऐन क्षणी त्याचा वेग माणसाला न झेपणारा होता अशी टीका झाली, आणि ती रास्त होती. पण मला त्या मॅचेसमधली वेगळीच गोष्ट आवडली. अल्फास्टार एका बेसवर कामगारांची ठरलेली संख्या भरल्यावरही थांबत नव्हता, जादा प्रोब (प्रोटॉसचे कामगार) बनवत राहायचा. तोवर जाणकार लोक याला उधळपट्टी म्हणत. मग त्यांच्या लक्षात आलं की दुसरा बेस उभा राहताच हे जादा कामगार तिकडे सरकतात आणि उत्पन्न एकदम उडी मारतं, शिवाय हल्ल्यात काही मेले तरी घडी विसकटत नाही. आणि नंतर थेट प्रक्षेपणात माना त्याच्याशी पुन्हा खेळला तेव्हा तो जिंकला, आणि तेही बोटांच्या वेगावर नाही. त्याने वॉर्प प्रिझम या वाहतूक जहाजातून दोन-दोन इमॉर्टल, म्हणजे जड लढाऊ युनिटं, अल्फास्टारच्या बेसच्या मागच्या बाजूला उतरवायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी अल्फास्टारची अख्खी फौज परत फिरायची, माना उचलून न्यायचा, फौज पुन्हा निघायची. त्यात मानाने स्वतःची फौज वाढवून घेतली. समोरच्याचं लक्ष खाणं, हाच तो डाव.

नव्या खेळाडूच्या मिनिटाला ५०-६० कृती होतात. तेवढ्यात गोल्डपर्यंत पोहोचता येतं, मी पोहोचलेली मुलं पाहिली आहेत. फक्त त्या ५०-६० योग्य जागी पडायला हव्यात.

त्या योग्य जागी कशा पाडायच्या ते सांगतो. आधी कीबोर्ड. कमांड सेंटर निवड, कंट्रोल धरून ४ दाब. बॅरॅक्स निवडून कंट्रोल धरून ५. नवीन बॅरॅक्स उभी राहिली की शिफ्ट धरून ५, म्हणजे तीही त्याच गटात जाते. आता तू नकाशावर कुठेही असलास तरी ४ आणि मग एस दाबलं की एससीव्ही सुरू, ५ आणि मग ए दाबलं की मरीन सुरू. बेसकडे कॅमेरा न्यायची गरज नाही. हे जमेपर्यंत दुसरं काहीही शिकू नकोस. रिकामा बसलेला कामगार एफ१ ने सापडतो, तेही लक्षात ठेव. एफ२ ने सगळी फौज निवडली जाते. जाणकार लोक त्याला नावं ठेवतात, तू बिनधास्त वापर.

मग क्रम. १४ सप्लायला डेपो, १६ ला बॅरॅक्स, त्यापाठोपाठ एकच गॅस. बॅरॅक्स झाली की कमांड सेंटरचं ऑर्बिटल कमांड कर, १५० मिनरल लागतात. २० सप्लायच्या सुमाराला दुसरं कमांड सेंटर. हा टेरनचा नेहमीचा, सगळीकडे चालणारा आरंभ आहे. ऑर्बिटल झालं की ५० एनर्जीवर म्यूल, म्हणजे थोड्या वेळापुरता मिनरल खणणारा यंत्रकामगार, उतरवता येतो, आणि एक म्यूल आपल्या आयुष्यात सुमारे २२५ मिनरल आणतो. विसरू नकोस. विसरलास तर दुसरा लगेच टाक, रडत बसू नकोस. त्यानंतर बॅरॅक्स वाढवत पाचवर ने, आणि फक्त मरीन काढ. टँक नको, जहाजं नकोत. गॅसचा उपयोग बॅरॅक्सला एका वेळी दोन मरीन काढू देणाऱ्या रिअ‍ॅक्टरला आणि मरीनला जास्त मार सोसू देणाऱ्या शिल्डला. बस.

सप्लायचं गणित एकदा कागदावर करून बघ, म्हणजे ते आयुष्यभर डोक्यात राहील. मरीनला १८ सेकंद लागतात, एससीव्हीला १२. रिअ‍ॅक्टर न धरता पाच बॅरॅक्स आणि दोन कमांड सेंटर अखंड चालली तर दर १८ सेकंदांना ५ मरीन आणि ३ एससीव्ही येतात, म्हणजे ८ सप्लाय. एक डेपो नेमका ८ सप्लाय देतो आणि बांधायला २१ सेकंद घेतो. म्हणजे या टप्प्यावर कुठे ना कुठे निदान एक डेपो सतत बांधला जात असलाच पाहिजे. 'कमी पडला की बांधू' म्हणणारा माणूस तेव्हाच अडकलेला असतो. हे मी पोरांना सांगतो तेव्हा त्यांना वाटतं मी अतिशयोक्ती करतोय, मग कागदावर मांडून दाखवावं लागतं.

हे सगळं लॅडरवर नको, आधी कॉम्प्युटरसमोर कर. मीडियम पातळी घे. जिंकणं हा हेतू ठेवू नकोस, आठव्या मिनिटापर्यंत फक्त बांधत राहा आणि मग पूर्ण फौज निवडून ए (इथे त्याचा अर्थ हल्ला) दाबून समोरच्या बेसवर सोड. नुसतं क्लिक करून पाठवलेले मरीन वाटेत मार खात खात चालत राहतात. ए दाबून पाठवलेले थांबून लढतात. फौज निघाली की लगेच ४, ५, ४, ५. लढाई बघू नकोस. हे फार अवघड जातं, माणसाला आपली फौज लढताना बघायची असतेच. पण आठवडाभर मन घट्ट कर.

आठवडाभरात तुझे आकडे बदलतील. पाचव्या मिनिटाला ३५ च्या वर एससीव्ही आणि खात्यात ३०० पेक्षा कमी मिनरल, इथे आलास की लॅडरवर जा.

तिथे तुला तीन प्रकारचे लोक पहिल्या पाच मिनिटांत मारायला येतील, त्यांची ओळख करून घे. एक, झर्ग जो १२ ड्रोनवरच स्पॉनिंग पूल (झर्लिंगसाठी लागणारी इमारत) लावतो. त्याचे झर्लिंग दोन मिनिटांच्या आसपास दारात असतात. उपाय रॅम्पवर. टेरनला दोन-तीन डेपो आणि बॅरॅक्सने तो रॅम्प पूर्ण बंद करता येतो, आणि डेपो खाली-वर होतो, त्यामुळे आपली माणसं जाऊ शकतात. तेवढं केलंस तर ते झर्लिंग बाहेर ताटकळत राहतात आणि त्याचं अर्थकारण बसलेलं असतं. दोन, प्रोटॉस जो तुझ्याच बेसच्या कोपऱ्यात गुपचूप पायलॉन (इमारतींना वीज देणारा खांब) लावून फोटॉन कॅनन, म्हणजे तोफा, उभ्या करतो. हा प्रकार बघून नवखा माणूस खचतो. पण कॅनन पूर्ण व्हायच्या आत चार-पाच एससीव्ही त्या एका कॅननवर आणि दोन त्या प्रोबवर पाठव. पूर्ण झालेल्या कॅननशी एससीव्हीने लढू नकोस. त्यासाठी दीड-दोन मिनिटांच्या दरम्यान एकदा कॅमेरा आपल्याच बेसभोवती फिरवायची सवय लाव, कोपरे बघ. तीन, टेरन जो बॅरॅक्स आपल्या बेसमध्ये न लावता तुझ्या बेसजवळ कुठेतरी लपवतो. म्हणून पहिली बॅरॅक्स सुरू झाली की एक एससीव्ही समोरच्याकडे पाठवायचा. तो तिथे पोहोचून एकच गोष्ट बघतो: जे असायला हवं ते आहे का. समोर टेरन आहे आणि बेसमध्ये बॅरॅक्सच नाही, म्हणजे ती तुझ्या जवळपास आहे. एकदा बघितलं, माहिती मिळाली, तो एससीव्ही मेला तरी चालेल.

या तिघांकडून हरलास तर राग येईल, वाटेल की हे काय खेळणं झालं. मी याला फसवणूक मानत नाही. त्यांनी आपलं सगळं एका डावावर लावलेलं असतं आणि तो डाव ओळखता आला की तेच दुबळे असतात. खेळाचा तो भाग आहे आणि तो असावा.

कोणती जमात घेऊ, असंही तू विचारलंस. टेरनच ठेव. कॅम्पेन त्यांचं खेळलायस, इमारती ओळखीच्या आहेत. प्रोटॉस सुरुवातीला थोडा सोपा जातो असं बरेच जण म्हणतात आणि ते खरं असेल. झर्गमध्ये मात्र एकाच लार्व्हातून, म्हणजे अळीतून, ड्रोन काढायचा की फौज, हा निर्णय दर क्षणी घ्यावा लागतो, शिवाय अळ्या वाढवायला राणीकडून हॅचरीला सतत इंजेक्शन. नवख्याला ते ओझं होतं. काहीही घेतलंस तरी दोन महिने बदलू नकोस.

मोठ्या खेळाडूंच्या मॅचेस बघ, पण नक्कल करायला नको. फिनलंडचा सेराल २०१८ मध्ये जागतिक अंतिम स्पर्धा जिंकला. कोरियाबाहेरचा खेळाडू ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ. त्याचा खेळ बघताना लोक त्याच्या लढाया बघतात. तू पुढच्या वेळी फक्त डाव्या बाजूचा उत्पादनाचा तक्ता बघ. किती वेळ एखादी गोष्ट बंद राहते? जवळपास नाहीच. त्या माणसाची खरी ताकद मला तिथे दिसते.

आता आपल्या गावाच्या दृष्टीने दोन-चार गोष्टी, कारण परदेशी मार्गदर्शनात त्या सापडत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारी पारा चाळिशीच्या पार असतो. लॅपटॉप तापला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि गेम नेमका लढाईच्या वेळी अडखळतो. तू लिहिलंयस की कॉटवर चादर अंथरून त्यावर लॅपटॉप ठेवून खेळतोस. आपली चादर जाड, लॅपटॉपच्या खालची हवा ती पूर्ण अडवते. टेबलावर घे, मागची बाजू पुस्तकाने उचल, ग्राफिक्स सगळ्यात खाली आण. व्यावसायिक खेळाडूसुद्धा बऱ्याच सेटिंग्ज खालीच ठेवतात, कारण त्यांना नजर स्वच्छ हवी असते. शक्य असेल तर पहाटे किंवा रात्री खेळ. लाइट जाते तेव्हा लॅपटॉप चालू राहतो पण राउटर बंद पडतो आणि मॅच हातची जाते, म्हणून राउटरला छोटी बॅकअप बॅटरी लाव, महाग नसते. वायफायऐवजी केबल. आणि अमेरिका, युरोप, आशिया हे तिन्ही विभाग एकेकदा खेळून बघ, ज्यात आज्ञा दिल्यावर युनिट पटकन हलतं तो धर. प्रत्येक विभागातली तुझी प्रगती वेगळी मोजली जाते, तेव्हा एकदा ठरवल्यावर तिथेच राहा.

पैसे खर्च करायची गरज नाही. २०१७ च्या नोव्हेंबरपासून पहिलं कॅम्पेन, लॅडर आणि को-ऑपचे रेनर, केरिगन, आर्टानिस हे तीन कमांडर पूर्ण मोफत आहेत. को-ऑप हा प्रकार मला मनापासून आवडतो. तिथे दुसऱ्या एका माणसाबरोबर कॉम्प्युटरविरुद्ध खेळायचं असतं, कोणी तुला हरवायला आलेलं नसतं, आणि बॅटलक्रूझरची हौसही भागते. लॅडरवर हरून डोकं तापलं की तिकडे जा. २०२० मध्ये गेम बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीने जाहीर केलं की यापुढे विकत घ्यायच्या नव्या गोष्टी येणार नाहीत. काही जणांनी त्यावरून गेम मेला असं म्हणायला सुरुवात केली. नव्या माणसाच्या दृष्टीने तर हे बरंच आहे, कारण युनिटांच्या ताकदीत मधूनमधून फेरफार होत असले तरी आज शिकलेल्या मूळ गोष्टी उद्या फारशा बदलत नाहीत.

आणि ती हरण्याची भीती. तू लिहिलंस की आता 'प्ले' दाबतानाच छातीत धडधडतं. हे सगळ्यांना होतं. एकास एक खेळात दोष द्यायला सोबती नसतो. पण व्यवस्था कशी चालते ते बघ. सुरुवातीच्या पाच मॅचेस तुझी जागा ठरवण्यासाठी असतात, त्यानंतर तू हरत गेलास की समोर येणारे सोपे होत जातात, जिंकत गेलास की कठीण. तू कितीही चांगला झालास तरी साधारण निम्म्या मॅचेस हरशील, आणि तुझ्या जागी मी असलो तरी तेच होतं. सलग हार म्हणजे ती व्यवस्था अजून तुझी खरी पायरी शोधते आहे. ब्राँझमध्ये टाकलं तर ब्राँझमध्ये खेळ, त्यात कमीपणा कसला? परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र लॅडर नको. आणि आईने जेवायला हाक मारली असेल तर नवी मॅच सुरू करू नकोस, घास थंड होतो आणि मॅचही जाते. हरलास तरी चॅटमध्ये 'जीजी' (गुड गेम) लिहूनच बाहेर पड, शिव्या देऊन नाही. या खेळातली ही रीत जुनी आहे आणि ती पाळणारी माणसं मला भली वाटत आली आहेत.

रीप्ले कसा बघायचा ते शेवटी सांगतो, कारण मी नेहमी बघायला असेनच असं नाही. लढाईपासून सुरू करू नकोस. उत्पादनाचा तक्ता उघड आणि तीन क्षण शोध: कमांड सेंटर पहिल्यांदा कधी थांबलं, सप्लाय पहिल्यांदा कधी अडला, आणि मिनरल पहिल्यांदा ४०० च्या वर कधी गेले. प्रत्येक क्षणी तुझा कॅमेरा कुठे होता तेही बघ, रीप्लेत खेळाडूच्या नजरेतून बघता येतं. तू काय बघण्यात गुंतला होतास? ते वहीत टिपून ठेव. काही दिवसांत त्यात एकच कारण पुन्हापुन्हा येताना दिसेल. कोणाचं ते स्काउटिंग (टेहळणी) असतं, कोणाचं भिंत बांधणं, कोणाचं पाच मरीन नाचवणं.

पुढचा रीप्ले पाठवशील तेव्हा हरलेलाच पाठव, आणि ९०० चा आकडा कुठवर आला तो मेसेजमध्ये आधी लिही. पाचव्या मिनिटाला तो ३०० च्या खाली असेल, तर पुढच्या वेळी आपण टँक आणि मेडिवॅक या जखमींवर उपचार करणाऱ्या जहाजाबद्दल बोलू. बॅटलक्रूझरबद्दलही, पण ते तिसऱ्या बेसनंतर.